नंदी हिल्सचा जुना नकाशा: पैसे कुठे मोजायचे, कुठे नाही

बेंगळुरूच्या ट्रेकर मंडळींनी आधी शीटचा क्रमांक पाठ करावा. तो ठाऊक नसेल तर कोणीही काहीही गळ्यात मारतो. जुन्या पद्धतीने नंदी हिल्स ५७ जी/११ मध्ये येतात, सावनदुर्ग ५७ एच/५ मध्ये आणि रामनगरचे कातळ ५७ एच/६ मध्ये.

आजची १:५०,००० प्रमाणाची ओपन सिरीज शीट सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर नाव नोंदवून पीडीएफमध्ये फुकट मिळते. त्यामुळे 'दुर्मीळ स्कॅन' म्हणून तीच विकणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. जुनं हवं असेल तर टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अमेरिकी लष्कराची यू५०२ मालिका ऑनलाइन खुली ठेवली आहे. तीही फुकट. पण प्रमाण १:२,५०,०००, म्हणजे एका सेंटीमीटरात अडीच किलोमीटर. रांगेचा अंदाज येतो, पायवाट शोधायला निरुपयोगी. बुजलेली तळी आणि गावरस्ते पाहायचे असतील, तर इंचाला मैल या प्रमाणाची शीटच शोधावी लागते, आणि माझ्या मते पैसे मोजावेत ते तिच्यासाठीच. तिच्यावर उंची फुटांत असते: नंदीचे ४,८५१ फूट म्हणजे सुमारे १,४७८ मीटर. छापील शीटसाठी कोरमंगलातल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या कार्यालयात आधी फोन करून मगच जा.

खरा खर्च छपाईचा. १:५०,००० ची शीट नुसती नकाशापुरती धरली तरी साधारण ५५ बाय ५४ सेंटीमीटर भरते. ए२ कागदाची रुंदी ४२, म्हणून ए१ लागतोच. आर्किटेक्टची ड्रॉइंग काढून देणाऱ्या प्लॉटरवाल्याकडे रेषांच्या ड्रॉइंगचा आणि पूर्ण रंगीत छपाईचा दर वेगळा असतो, रंगीतचाच विचारा. 'फिट टू पेज' बंद ठेवायला सांगा, नाहीतर प्रमाण बिघडतं आणि पट्टी लावून अंतर मोजता येत नाही. डोंगरात न्यायचा असेल तर ट्रेकच्या पट्ट्याचे ए४ तुकडे स्वस्तात पडतात.

चर्च स्ट्रीटच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत चक्कर मारा, पण १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने घेतलेल्या नंदीदुर्ग-सावनदुर्गाची खोदचित्रं कोणी 'नकाशा' म्हणून दाखवली तर हात आखडता घ्या. ती देखाव्यांची चित्रं; त्यांत समोच्च रेषा नसतात. आणि अस्सल शंभरीपार कागद परदेशातल्या भाच्याला पाठवायचा बेत असेल, तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आडवा येतो. त्याला स्कॅन पाठवा.