पंचवीस सिटिंगचा शेक अर्धवट नसतो

कॅन्सरमुळे प्रोस्टेट काढल्यानंतर शेक (रेडिएशन) घ्यायला आलेल्या रुग्णाला ‘पंचवीस सिटिंग’ सांगितल्या, की सोबतचा मुलगा हमखास विचारतो, “शेजारच्या काकांना सदतीस होत्या. बाबांना कमी का?” कुठेतरी आपल्याला कात्री लागतेय, असा सूर असतो. काहीजण तर उरलेल्या बारा सिटिंगसाठी दुसरीकडे चौकशीही करून येतात.

दिवस मोजून शेक मोजता येत नाही. सदतीस दिवसांच्या पद्धतीत रोज 1.8 ग्रे (किरणांचा डोस मोजायचं एकक), एकूण 66.6. पंचवीस दिवसांत रोज 2.5, एकूण 62.5. बेरीज थोडी कमी दिसते, पण रोजचा डोस मोठा असतो, आणि प्रोस्टेटच्या कॅन्सर पेशींना रोजचा मोठा डोस जास्त झोंबतो. अमेरिकेतील एनआरजी ऑन्कॉलॉजी या संशोधन गटाने याच दोन पद्धती 296 पुरुषांमध्ये ताडून पाहिल्या. शेक संपताना छोट्या कोर्सवाल्यांना शौचाचा त्रास जास्त होता, हे लपवायचं कारण नाही. सहा महिन्यांत तो फरक मिटला. दोन वर्षांनी लघवी-शौचाच्या तक्रारींत छोटा कोर्स मागे पडला नाही, आणि पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरची खूण सांगणारा रक्तातला आकडा) पुन्हा वाढण्यातही ठळक फरक दिसला नाही. त्या अभ्यासात शेक फक्त प्रोस्टेटच्या जागेला होता. ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही द्यायचा असेल, तर तुमचे डॉक्टर वेगळं ठरवतील.

नुकसान होतं ते वेळ घालवल्याने. बार्शीकडचे एक निवृत्त एसटी कंडक्टर होते. ऑपरेशननंतर त्यांचा पीएसए 0.3 झाला. पंचवीस सिटिंग त्यांना ‘हलका इलाज’ वाटला, म्हणून मोबाईलवर आलेला गव्हांकुराचा रस आणि कुणा वैदूची ताकदीची पुडी सुरू केली. काही महिन्यांनी परत आले तेव्हा आकडा 1.4 होता. शेक तेव्हाही दिला, पण पीएसए 0.5 च्या आत असताना दिला तर जास्त लागू पडतो. ते महिने त्यांना कुणीच परत देणार नाही. पुडी विकणारा तर फोनही उचलत नव्हता! त्या पुडीत टेस्टोस्टेरॉन वाढवणारं काही असेल, तर आपण आजारालाच खतपाणी घालतो, हे कृपा करून ध्यानात घ्या.

घाबरू मात्र नका. ऑपरेशननंतर पीएसए जवळजवळ शून्य असेल, तर बहुतेकांना लगेच शेक लागत नाही, नियमित तपासणी पुरते. तो 0.2 वर गेला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच आला, तर त्याच आठवड्यात भेटा. शेकाने अंगात किरणं साठत नाहीत. नातवंडांना खुशाल मांडीवर घ्या.

आता एक गोष्ट जरा रागानेच सांगतो. ऑपरेशननंतर लघवी गळते, म्हणून लाजेपोटी माणसं सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि तशीच मशीनवर येतात. मूत्राशय रिकामं राहिलं, की आतडी खाली उतरून किरणांच्या वाटेत येतात, मग जुलाब लागले की दोष छोट्या कोर्सला! सांगितलेलं पाणी सांगितलेल्या वेळी प्या, पोट साफ करून या, गॅस होणारं कडधान्य त्या दिवसांत टाळा. गळतीची भीती असेल तर पॅड लावा आणि टेक्निशियनला सांगा. त्याला यात काही नवं नाही.

शेक चालू असताना वारंवार लघवी, थोडी जळजळ, पातळ शौच हे बहुधा काही आठवड्यांत ओसरतं. त्यासाठी मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून खाऊ नका. पण लघवी तुंबली, लघवीतून रक्ताच्या गुठळ्या पडल्या, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. पाठ नव्याने दुखू लागली आणि पाय लुळे वाटू लागले, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा. आणि वर्ष-दोन वर्षांनी शौचातून रक्त दिसलं, तर मूळव्याध समजून कुणाकडून इंजेक्शन घेऊ नका. दुर्बिणीने तपासणाऱ्या डॉक्टरांना शेक झाल्याचं आधी सांगा. शेक लागलेल्या गुदाशयाच्या भिंतीचा तुकडा उगाच काढला, तर ती जखम भरता भरत नाही, असं होऊ शकतं.