सही जुळली, की सावध

नील आर्मस्ट्राँग, बझ ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स ऑक्टोबर १९६९ मध्ये जगाच्या दौऱ्यावर असताना मुंबईत आले होते आणि त्यांना बघायला आझाद मैदानावर प्रचंड गर्दी लोटली होती. ही गोष्ट खरी आहे, आणि सह्या जमवायच्या आमच्या छंदातली पंचाईत इथूनच सुरू होते. ‘आमच्या बाबांनी आझाद मैदानावर घेतलेली सही’ म्हणून जुना फोटो दाखवणारा माणूस खोटंच बोलत असतो असं नाही. बाबा मैदानावर गेले असतील. फोटोही घरात कित्येक वर्षं असेल. नसतो तो या दोन गोष्टींना जोडणारा तिसरा कागद: निमंत्रणपत्रिका, त्या दिवसाची डायरीतली एखादी ओळ, कोणाला तरी लिहिलेलं पत्र. तिघांच्या छापील सह्या असलेले फोटो त्या काळी भरपूर वाटले गेले होते. भिंग धरलं की छपाईचे ठिपके दिसतात आणि समोरच्याचा चेहरा उतरतो. मग चहा घ्यायचा आणि विषय बदलायचा.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. चेकवरची सही नमुना कार्डाशी ताडून बघणं, म्हणजे आमच्या भाषेत टॅली करणं, हे रोजचं काम. नव्याने काउंटरवर बसलेल्याला वाटतं, सही जितकी हुबेहूब जुळेल तितकी चांगली. जुने हेडक्लार्क उलटं शिकवायचे. माणूस दोनदा एकसारखी सही करत नाही. घाई असते, पेन वेगळं असतं, कधी उभ्या उभ्या केलेली असते. अक्षरांची ठेवण तीच राहते, पण लांबी-रुंदी, झोक, शेवटचा फराटा थोडा तरी बदलतो. कार्डावरच्या सहीशी रेघ न् रेघ जुळणारी सही दिसली, की ते चेक उजेडासमोर धरायचे. कारण ती बहुतेक काचेवर ठेवून गिरवलेली असायची.

निवृत्तीनंतर टपाल तिकिटांवरून मी अंतराळवीरांच्या सह्यांकडे वळलो, तेव्हा हे शिक्षण असं कामी येईल याची कल्पना नव्हती. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून आर्मस्ट्राँगचा पांढऱ्या अंतराळ-पोशाखातला, सही केलेला फोटो मी घेतला. कोणाचं नाव घालून दिलेला नव्हता, नुसती सही. अशा फोटोला जास्त भाव असतो. सोबत चकचकीत होलोग्राम लावलेलं प्रमाणपत्र आणि आजन्म हमी. किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती, मोह पडावा इतकी मात्र होती.

पुढे एकदा लिलावाचा जुना कॅटलॉग चाळताना दुसऱ्याच कोणाच्या फोटोवर तीच सही दिसली. तशीच नव्हे, तीच. दोन्ही एकाच मापात छापून घेतल्या, एक ट्रेसिंग पेपरवर उतरवली आणि दुसरीवर ठेवली. केसाचाही फरक नव्हता. माझ्याकडची सही आर्मस्ट्राँगच्या हाताची नव्हती, ऑटोपेनची होती.

ऑटोपेन हे यंत्र आहे. मूळ सहीवरून एक साचा तयार करतात, यंत्राचा दांडा त्या साच्याच्या कडेने फिरतो आणि टोकाला लावलेलं खरं पेन खऱ्या शाईने सही करतं. म्हणून छपाईचे ठिपके शोधून इथे उपयोग नाही, शाई अस्सलच असते. अपोलोच्या काळात पत्रांचा असा पूर येत होता, की नासाने सर्रास ही यंत्रं वापरली. त्यात फसवायचा हेतू नव्हता. शाळकरी मुलांना उत्तर मिळावं एवढाच होता. फसवणूक सुरू झाली ती हे कागद बाजारात येऊन त्यांना ‘हातची सही’ म्हटलं गेल्यावर. यंत्राच्या सहीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाब एकसारखा असतो, पेन जिथे टेकतं आणि उचलतं तिथे शाईचा टिपका राहतो, आणि वळणावर बारीक थरथर दिसते. हातची सही वेगाने सुरू होते आणि शेवटाला विरळ होत जाते. एका अंतराळवीराचे असे अनेक साचे असत, म्हणून एक साचा जुळला नाही म्हणजे सुटलो असं समजू नका. काही सह्या तर कार्यालयातल्या सेक्रेटरींनी हाताने ठोकलेल्या आहेत. त्यात ना ठिपके, ना थरथर.

विक्रेत्याने पहिल्या ईमेलला गोड उत्तर दिलं, दुसऱ्याला उशिरा, तिसऱ्याला नाहीच. कार्डावरून दिलेले पैसे परत मागायची मुदत तोवर उलटली होती. हमी आजन्म होती, कोणाच्या जन्माची ते लिहिलेलं नव्हतं. तेव्हा वस्तू हाती आली की ती फ्रेमच्या दुकानात नेऊ नका. पैसे परत मागायच्या मुदतीतच ती दुसऱ्याच्या डोळ्यांखालून घाला.

प्रमाणपत्राबद्दल माझं मत कडवट आहे. वस्तू विकणाऱ्यानेच दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे कर्जदाराने स्वतःच जामीन राहणं. ज्याला या विक्रीत एक पैसाही सुटणार नाही अशा जाणकाराचं मत घ्यावं, आणि तेही पैसे देण्याआधी. स्वाक्षऱ्या तपासणाऱ्या मोठ्या अमेरिकी कंपन्या आहेत. फक्त अंतराळवीरांच्याच सह्या बघणारे झारेल्ली यांच्यासारखे तज्ज्ञही आहेत. तेही देतात ते मतच, पण त्या मतामागे हजारो नमुने असतात. आपण मात्र नमुने न जमवता थेट खरेदीला निघतो. बँकेत नमुना कार्डाशिवाय सही पास करणाऱ्याला मेमो मिळाला असता.

नमुने जमवताना साल बघायला शिका. आर्मस्ट्राँग कितीतरी वर्षं पत्र पाठवणाऱ्यांना फुकट सही देत होता. आपल्या सह्यांचा बाजार मांडला जातोय आणि खोट्याही विकल्या जातायत हे दिसल्यावर त्याने १९९४ च्या सुमारास ते बंद केलं. त्याचं अधिकृत चरित्र आलं २००५ मध्ये. त्या पुस्तकावर त्याची ठसठशीत सही दिसली, तर आधी पुस्तक मिटून विक्रेत्याकडे बघा. शार्पी हे मार्कर पेन बाजारात आलं १९६४ मध्ये, तेव्हा त्या पेनाची सही त्याआधीची असूच शकत नाही. युरी गागारिन १९६१ च्या अखेरीस भारतात आला होता, मुंबईतही. तो २७ मार्च १९६८ रोजी विमान अपघातात गेला. सोव्हिएत पोस्टकार्डांच्या मागे छपाईचं साल आणि प्रतींची संख्या बारीक अक्षरांत असते. ते रशियन आकडे वाचता आले, तर मेल्यानंतर सह्या करणारा गागारिन तुम्हालाही भेटेल. मला भेटलेला आहे.

पण सहीच्या वळणापेक्षा ती आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आली, हे मला जास्त मोलाचं वाटतं. १६ जुलै १९६९, म्हणजे अपोलो ११ उडालं त्याच दिवसाचा आर्मस्ट्राँगचा एक चेक आहे, साडेदहा डॉलरचा, नासातल्याच एका अधिकाऱ्याच्या नावे. २००९ मध्ये तो २७ हजार डॉलरच्या वर गेला. तारीख आहे, रक्कम आहे, घेणाऱ्याचं नाव आहे, आणि तो कोण हे ठाऊक आहे. बँकवाल्याला याहून सुंदर कागद दाखवा! उड्डाणाआधी अपोलोचे अंतराळवीर पाकिटांवर सह्या करून घरच्यांकडे ठेवत. आपण परतलो नाही तर ती विकून संसार चालावा, ही त्यामागची सोय. म्हणून त्यांना ‘इन्शुरन्स कव्हर’ म्हणतात. तीही पुढे कुटुंबांकडून बाजारात आली, त्यामुळे मागची वाट शोधता येते.

आपल्याकडे या बाबतीत जयंत नारळीकरांनी नकळत आदर्श घालून दिला. सही मागणाऱ्या मुलांना ते सांगत, की पोस्टकार्डावर विज्ञानाचा एखादा प्रश्न पाठव, मी सहीनिशी उत्तर देतो. ते अंतराळवीर नव्हते, खगोलशास्त्रज्ञ होते. पण असं एक कार्ड बघा. पत्ता आहे, टपालाचा शिक्का आहे, प्रश्न विचारणारा आहे आणि हस्ताक्षरातलं उत्तर आहे. कोणाच्या प्रमाणपत्राची गरज काय?

वस्तू अस्सल असणं आणि ती विकायचा हक्क असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी १९७१ मध्ये परवानगीशिवाय जवळजवळ चारशे टपाल पाकिटं चंद्रावर नेली आणि त्यांतली शंभर एका जर्मन तिकीट व्यापाऱ्याकडे गेली. पाकिटं शंभर टक्के खरी होती. तरी नासाने अंतराळवीरांवर ठपका ठेवला, उरलेली पाकिटं ताब्यात घेतली, आणि ती परत मिळायला १९८३ उजाडलं. अंतराळवीरांनी आठवण म्हणून ठेवलेल्या त्या काळच्या वस्तूंवर त्यांचीच मालकी, हे अमेरिकेत कायद्याने स्पष्ट झालं २०१२ मध्ये. त्यातूनही चंद्राचे दगड आणि माती वगळलेली आहे. अपोलोने आणलेल्या मातीचा कण कोणी विकत असेल, तर तो बनावट असेल किंवा चोरीचा. चंद्रावरून पृथ्वीवर आपोआप येऊन पडलेली उल्का मात्र कायदेशीर विकत मिळते. ती घ्या.

या नियमाला अपवाद एकच, आणि तो झोप उडवणारा आहे. एका बाईने २०१५ मध्ये सरकारी लिलावात एक पिशवी ९९५ डॉलरला घेतली. तपासणीसाठी नासाकडे पाठवली, तर अपोलो ११ ने चंद्रावरचे नमुने जिच्यातून आणले तीच ती निघाली आणि नासा ती परतच देईना. बाई कोर्टात गेल्या, जिंकल्या, आणि २०१७ मध्ये पिशवी १८ लाख डॉलरला विकली. हे वाचून लिलावांत पिशव्या शोधायला लागू नका. त्या कोर्टात जिंकल्या त्या सरकारी लिलावाच्या पावतीवर.

कल्पना चावलाचं नाव घेऊन ‘कोलंबियाचा तुकडा’ दाखवणारे अधूनमधून भेटतात. ती गेली त्या, कोलंबिया यानाच्या २००३ च्या अपघाताचे अवशेष ही अमेरिकी सरकारची मालमत्ता आहे, ते बाळगणंही गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी असली वस्तू घरात कशाला हवी?

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आर्मस्ट्राँगपासून करू नये. राकेश शर्मा १९८४ मध्ये सोयुझ टी-११ मधून अंतराळात गेले, शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये अंतराळ स्थानकात राहून आले. जाहीर कार्यक्रमात भेट झाली, तर सही घ्या, सही करतानाचा फोटो काढा, कार्यक्रमाची पत्रिका त्याच पाकिटात ठेवा. १९८४ च्या भारत-सोव्हिएत उड्डाणावर निघालेल्या तिकिटाचं कव्हर त्यासाठी उत्तम. नोटेवर सही मागू नका, निवृत्त झालो तरी तेवढं सांगायचा हक्क मला आहे. आणि कोणाच्या घरचा पत्ता शोधून पाकिटांचे गठ्ठे पाठवू नका. परदेशी सही हवीच असेल, तर मर्क्युरीच्या अंतराळवीरांनी १९८४ मध्ये सुरू केलेलं शिष्यवृत्तीचं प्रतिष्ठान आहे. ते निधीसाठी सह्या विकतं, आणि त्या थेट करणाऱ्याकडून आलेल्या असतात.

सही उन्हात उडते, विशेषतः मार्करची. पीव्हीसीचे स्वस्त अल्बम फोटोला चिकटतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदलायची आठवणही ठेवा. प्रत्येक वस्तूमागे एक वहीतलं पान असू द्या: कोणाकडून, कधी, कितीला, पावती कुठे. आपण गेल्यावर मुलं ती वही घेऊनच दुकानात जाणार आहेत.

माझ्या त्या फोटोच्या मागे मी ‘ऑटोपेन’ असं मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवलं आहे. एका ओळखीच्या व्यापाऱ्याने तो बघायला मागितला, उलटा केला आणि विचारलं, ‘पेन्सिलने लिहायचं होतं ना, काका?’

शाईनेच लिहिलं आहे.