ताबा पावती पाहिलीस का?

पवनी

चि. बाबू,

काल बाजारात लाखांदूरकडचे एक जुने ओळखीचे भेटले. त्यांच्या चुलत्याचं वाढीव मोबदल्याचं प्रकरण तुझ्या वकीलसाहेबांकडे आहे. म्हणाले, ‘तुमच्या भाच्यानं केलेल्या हिशेबात जमिनीच्या ताब्याची तारीखच उलटली. ११ मे होती, ती ५ नोव्हेंबर झाली.’ त्या म्हाताऱ्या चुलत्याच्या नातवानं घरची पावती ताडून पाहिली म्हणून सापडलं म्हणे. समोरच्या पक्षाच्या ते फायद्याचंच होतं, ते कशाला बोलतील? गोष्ट खरी की तिखटमीठ लावलेली, मला ठाऊक नाही. पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

तू म्हणशील, एक्सेलनं केलं. अरे, एक्सेलच्या पोटात तारीख नसतेच, नुसता आकडा असतो. १ जानेवारी १९०० ला एक धरून पुढे मोजत आलेला. म्हणून तर एका तारखेतून दुसरी वजा केली की दिवस मिळतात. पण मशीन अमेरिकी पद्धतीवर असलं तर ११-०५-१९९५ टाइप केल्यावर ते आधी महिना वाचतं आणि मुकाट्यानं नोव्हेंबर धरतं. २३-०५ टाकलं तर तेविसावा महिना नसतो, म्हणून ती तारीख नुसती अक्षरं समजून डावीकडे ठेवतं. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या नाहीत तुला? तिथंच हात थांबायला हवा होता, बाबू.

११ मे ते ५ नोव्हेंबर, १७८ दिवस. भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्यात वाढीव रकमेवर ताब्यापासून पहिलं वर्ष ९ टक्के, पुढे १५ टक्के व्याज. ताबा पुढे सरकला की दिवस कापले जातात ते १५ टक्क्यांतले. लाखामागे ७,३१५ रुपये. ज्याची धानाची बांधी गेली, त्याच्या हक्काचे. मूळ ताबा पावती तू डोळ्यांनी पाहिली होतीस का? की कुणी आधी करून ठेवलेल्या यादीवरून तारखा उचलल्यास? मला बाकी काही नको, एवढंच सांग.

आणि ते पहिलं वर्ष. त्यात ३६५ मिळवत असशील तर बंद कर. ११ मे १९९५ मध्ये ३६५ मिळवले की १० मे १९९६ येते, कारण मध्ये २९ फेब्रुवारी आहे. एक्सेलचं ईडेट वापरून बारा महिने पुढे जा, म्हणजे तीच तारीख मिळेल. डेज ३६० ला तर हातही लावू नको. ते प्रत्येक महिना तीसचाच धरतं, दहा वर्षांत ५३ दिवस गिळतं. त्याच कायद्यातली १२ टक्क्यांची जादा रक्कम काढताना कलम ४ च्या अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा, यांत जे आधी तिथवरच मोजायचं. दोन्ही टोकांचे दिवस धरायचे की एकाच, हे वकीलसाहेबांना विचार. विचारण्यात कमीपणा नाही. पण हे सगळं नंतरचं. मुळात पावतीच पाहिली नसेल, तर सूत्र कितीही बरोबर असून काय उपयोग?

२२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी गोसीखुर्दची पायाभरणी केली, तेव्हा मी ऐन विशीत होतो. वैनगंगेचं पाणी सगळीकडे फिरेल, एवढंच डोक्यात. पुढे आपली बांधी बुडितात गेली. तुझे आजोबा निवाड्याचा कागद घेऊन माझ्यामागं लागायचे, ‘दिवस कुठून धरले रे, एकदा बसून सांग.’ मला तेव्हा नाटकाच्या तालमींचं वेड. ‘उद्या पाहू, बाबा,’ म्हणून सायकल काढायचो. त्यांनी रागानं कधी विचारलं नाही, आणि मी कधी बसलो नाही. तो कागद अजून पेटीत आहे, घड्यांवर फाटत आलेला. लाखांदूरच्या त्या म्हाताऱ्याचं ऐकलं तेव्हा मला बाबांचाच आवाज आठवला. तुझ्यावर एवढा चिडलो तो त्यामुळे असेल.

मनाला लावून घेऊ नकोस. तुझी माय परवा येऊन गेली. ‘बाबू रात्री नऊपर्यंत ऑफिसात बसतो, डबा तसाच परत आणतो,’ म्हणत होती. शंभर प्रकरणांच्या तारखा एकट्यानं भरायच्या, वर साहेबांची घाई, हे मला कळतं. चूक झाली असेल तर दुरुस्त करून साहेबांना आपणहून सांग. ते रागावले तर मी येऊन भेटतो त्यांना. झालीच नसेल, तर या म्हाताऱ्याला माफ कर.

दिवाळीनंतर गावच्या मंडईला येशीलच. यंदा नाटक बघायला दोघं जाऊ, शाल घेऊन ये, पहाटे गारठा असतो. एक दिवस आधी आलास आणि लॅपटॉप आणलास तर बाबांचा तो कागद काढून ठेवतो. हिशेब तू कर, मी तारखा वाचून दाखवीन. आणि डबा खात जा रे, मामी पुन्हा पुन्हा तेच लिहायला सांगते आहे.

तुझा,
मामा