कॅमेऱ्याचें कोणतें भिंग ठेवावें?

वडिलांच्या कष्टाचा पैसा भिंगांत घालण्यापूर्वीं एक नियम ध्यानांत ठेवावा, असें आम्ही सुचवितों : जें काम पायांनीं साधतें, त्यासाठीं भिंग घेऊं नये. नगरजवळील सलाबतखानाच्या कबरीसमोर मागें सरकतां येतें. तेथें ५० मिलिमीटरचें भिंग पुरतें. वर्गांत मात्र पाठीस भिंत लागते. तेथें ३६ × २४ मिलिमीटर चौकटीच्या कॅमेऱ्यास ८४ अंश व्यापणारें २४ मिलिमीटरचें भिंग हवें. रेहेकुरीचे काळवीट मनुष्यास जवळ येऊं देत नाहींत. त्यांजसाठीं केवळ ८ अंश व्यापून दूरचें मोठें दाखविणारें ३०० मिलिमीटरचें. सारख्या मापाचीं दोन भिंगें असल्यास एक विकावें. रेहेकुरीस वर्षांतून एकदांच जाणें असल्यास लांब भिंग भाड्यानें आणावें. पायांची उणीव जें वारंवार भरून काढतें, तेंच भिंग ठेवावें.