जुन्या वर्तमानपत्रात आपली माणसे

जुन्या माणसांना साल विचारले, तर ती साल सांगत नसत. "मानमोडीच्या आधी मोठी झाली," "कोयनेच्या भूकंपात धाकटा रांगत होता," अशी त्यांची गणती. ही गणती खोटी नव्हे. मानमोडीची साथ १९१८ साली आली. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला झाला. गावाला आठवण असते आणि वर्तमानपत्रावर तारीख असते. दोन्ही जुळवली, की घराण्याची हकिगत उलगडू लागते.

समजा, रायगड जिल्ह्यातल्या एका घरात एवढीच गोष्ट उरली आहे. आजीचा थोरला भाऊ मुंबईला गिरणीत कामाला होता. गटारीच्या अवसेला बोटीने घरी यायला निघाला. बोट बुडाली. त्याचे प्रेतही मिळाले नाही. "कधी हो हे झाले?" असे विचारले, तर आजी म्हणे, "झेंडा लागायच्या आधी, महिनाभर."

आता हे धागे हातात घ्या. झेंडा लागला तो १५ ऑगस्ट १९४७ ला. त्याच्या महिनाभर आधी आषाढातली अवस. त्या सुमारास १७ जुलै १९४७ रोजी, गुरुवारी सकाळी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेत बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. कोळी बांधवांनी आपल्या होड्या घालून काहींना वाचवले. आजीच्या आठवणीला तारीख मिळाली. पण त्या बोटीत आपला माणूस होता का? ते शोधायला वर्तमानपत्र पाहायचे.

जुने अंक कुठे मिळतात? शहरातल्या जुन्या वाचनालयांत. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. तुमच्या जिल्ह्याच्या गावीही नगर वाचनालय असेल. तिथे महिन्या-महिन्याचे अंक एकत्र बांधून ठेवतात. त्याला फाइल म्हणतात. ग्रंथपालांना म्हणावे, "साहेब, १९४७ च्या जुलैची फाइल पाहायची आहे." कोणते वर्तमानपत्र, तेही सांगावे. लाजू नये. मागायला आलेल्या माणसाचा त्यांना राग येत नाही. एका वाचनालयात फाइल नसली, तर दुसरीकडे कुठे असेल तेही त्यांनाच विचारावे.

फाइल हाती आली, की आधी पानाच्या माथ्यावरची तारीख वाचा. १७ तारखेची घटना १७ च्या सकाळच्या अंकात नसते. ती १८ पासून पुढे येते. साप्ताहिक असेल तर आठवड्याने. आणि एका दिवसात थांबू नका! मोठ्या अपघाताच्या बातम्या पुष्कळ दिवस येत राहतात. पहिल्या दिवशी आकडा एक, तिसऱ्या दिवशी दुसरा. घाईत छापलेले चुकतेही. म्हणून पुढचे दोन-तीन आठवडे पान न् पान पाहा.

नाव शोधताना डोळा उघडा ठेवा. आडनाव असेलच असे नाही. कधी नुसते नाव आणि गाव असते, कधी बापाचे नाव असते. बाईचे तर पुष्कळदा नावच नसते. "अमक्याची बायको" एवढेच. जिल्ह्याचे नावही आजचे शोधू नका. रायगड हे नाव १९८१ साली आले. त्याआधी कुलाबा होते. जुन्या अंकात "जि. कुलाबा" असेच असणार.

वर्तमानपत्रात फक्त अपघातच असतात असे नाही. जमिनीच्या जाहीर नोटिसा असतात. त्यांत घेणारा, विकणारा, गाव, कधी सर्व्हे नंबरही असतो. वर्गणी देणाऱ्यांच्या याद्या असतात. शाळेच्या परीक्षेचे निकाल असतात. या बारीक टाइपातच आपल्यासारख्यांची नावे अधिक सापडतात. वरच्या मोठ्या मथळ्यांत पुढारीच फार.

हेही ध्यानात असू द्या: सगळ्यांची दुःखे सगळ्या वर्तमानपत्रांत छापली गेली नाहीत. म्हणून तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९२० साली 'मूकनायक' काढावे लागले. अलिबाग भागात चरीच्या कुळांनी १९३३ पासून खोतांविरुद्ध संप केला. त्यांचे पुढारी नारायण नागू पाटील यांनी १९३७ साली 'कृषीवल' काढले. कुळाच्या घरचे लोक शोधायचे, तर कुळाच्या बाजूने लिहिणारे वर्तमानपत्र आधी पाहावे. एकात नाव नाही म्हणून माणूसच नव्हता, असे समजू नका.

नाव सापडले, तर दुसरीकडे पडताळा घ्या. गावाचे जुने जन्म-मृत्यूचे रजिस्टर, म्हणजे गाव नमुना नंबर १४, त्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. ते तहसील कचेरीत असते. तिथे अर्ज करून नक्कल मागता येते. वारसाच्या किंवा जातीच्या दाखल्याच्या कामी कचेरीची नोंदच अधिक चालते. वर्तमानपत्राने ती कुठे शोधायची ते कळते. बोटीत गेलेल्या माणसाची नोंद गावच्या रजिस्टरात नसेलही, कारण मृत्यू गावात झाला नाही. अशा वेळी छापलेले ते चार शब्दच घरच्यांना धरून ठेवावे लागतात. ज्याची तिथी कोणी धरली नाही, त्याची तिथी तरी त्यावरून धरता येते.

जुना कागद पापडासारखा मोडतो. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. शाईचे पेन जवळ ठेवू नका, शिसपेन घ्या. ग्रंथपालांनी परवानगी दिली तर मोबाइलने फोटो काढा. पण वहीत लिहाच: वर्तमानपत्राचे नाव, तारीख, पान, रकाना. मजकूर छापला आहे तसाच उतरवा. गोविंदाचे "गोंदा" छापले असेल तर "गोंदा"च लिहा. आपल्याला ठाऊक असलेले खरे नाव त्याच्या शेजारी कंसात लिहावे.