आतिथ्य : आधी जागा, मग ताट

शास्त्रपाठ : उत्पत्ति १८:१-८, मत्तय २५:३५, इब्री १३:१-२, १ पेत्र ४:९.



“आम्ही गरीब; पाहुण्यापुढे काय ठेवावे?” असे उद्गार आपल्या मंडळ्यांत पुष्कळदा ऐकू येतात. म्हणून आतिथ्याचा आरंभ कोठून होतो, हे आज शास्त्रातून पाहू.

१. अब्राहामाचा कित्ता. भर उन्हाच्या वेळी तीन अनोळखी पुरुष दिसताच तो धावत सामोरा गेला. त्याने प्रथम देऊ केले ते पाय धुण्यास पाणी, झाडाची सावली व थोडीशी भाकर. वासरू मागाहून आले. ज्याच्या घरी केवळ पेज आहे, त्यालाही हा आरंभ करता येईल.

२. आपल्या लोहमार्गावरील दाखला. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने जात होते. ती वाट आपल्या गोंदियावरूनच जाते. टिळक तेव्हा ख्रिस्ती नव्हते. डब्यातील एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना आदराने जागा करून दिली, संस्कृत काव्याविषयी संभाषण केले, आणि शेवटी नव्या कराराची प्रत हाती दिली. ती वाचताना डोंगरावरील प्रवचनाने टिळकांचे मन वेधून घेतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांची भजने आपण आजही गातो. क्रम ध्यानात घ्या : आधी जागा, मग संभाषण, मग पुस्तक. उपदेशकांनी हा क्रम उलटा करू नये.

३. कुरकुर का होते? पेत्राने कुरकुरीवाचून पाहुणचार करण्यास सांगितले आहे. कर्ज काढून जेवणावळ घातली की पाहुणा गेल्यावर कुरकुर सुरू होते. तसेच बोलावणारा पुरुष आणि चुलीपाशी राबणारी स्त्री, असे झाले तरीही होते. अब्राहामाने सारेला पीठ मळण्यास सांगितले खरे. परंतु तो स्वतः गुरांकडे धावला व पाहुण्यांजवळ सेवकासारखा उभा राहिला. घरधन्यानेही पाणी आणावे, ताट मांडावे.

४. खरी परीक्षा. सोयरे आले म्हणजे सर्वच उठून उभे राहतात. परंतु धानाच्या कापणीस परगावाहून आलेला मजूर, किंवा दवाखान्यात आणलेल्या रोग्याचा सोबती दारी आला तर? पूर्वीची जात आठवून ज्याच्या हातचे पाणी घेण्यास मन कचरते, तो बांधव आला तर? प्रभुभोजनात सोबत बसावे आणि घरी त्याच्यासाठी वेगळा पेला काढावा, हे प्रभूला कसे आवडेल? परक्याला घरात घेणे म्हणजे मलाच घेणे, असे तो म्हणतो.

मननासाठी प्रश्न :
(१) गेल्या महिन्यात आपल्या घरी सोयऱ्यांवाचून दुसरे कोण जेवले?
(२) आपल्या मंडळीत कोणास अजून मागे बसावे लागते?
(३) येत्या रविवारी आपण कोणास जागा करून देणार?