पाडलेल्या घराचे सामान आणि आम्ही

बेळगावच्या जुन्या वस्तीतून शाळेला येताना एक दृश्य आम्हांस वरचेवर दिसते. काल जेथे ओसरी-सोप्याचे कौलारू घर उभे होते तेथे आज पहारी चालू असतात, रस्त्याच्या कडेला विटा, वासे व कौले यांचा ढीग साचलेला असतो आणि तो गावाबाहेर नेऊन टाकण्यासाठी एक ट्रॅक्टर उभा असतो. घरे पाडूच नयेत असे आमचे म्हणणे नाही. छप्पर गळते, भिंतींना ओल येते, भावाभावांत वाटण्या होतात. त्यास कोण काय करणार? परंतु ट्रॅक्टरमध्ये जे जे भरले जाते ते सारेच टाकाऊ असते काय, हा प्रश्न आमच्या मनात होता. यंदा हस्तव्यवसायाच्या तासाला आम्ही तोच विषय घेतला. जे शिकलो, व जे चुकलो, ते येथे सांगत आहोत.

प्रथम एक व्यवहाराची गोष्ट. रस्त्यावर पडलेली वस्तू बेवारशी असते असा आमचा समज होता, तो पहिल्याच दिवशी दूर झाला. घर पाडण्याचे काम घेणारा कंत्राटदार बहुधा आतील सागवान, दारे व खिडक्या हिशेबात धरूनच मालकाशी सौदा करतो. तेव्हा विचारल्यावाचून एक खिळाही उचलू नये. मात्र विचारले म्हणजे पुष्कळ मिळते. लांब तुळया व नक्षीची दारे व्यापारी घेऊन जातात. पण वाशांची आखूड टोके, टवका उडालेली कौले, गंजलेल्या कड्या-कोयंडे, खिडक्यांचे गज आणि रंगीत फरशीचे तुकडे कोणालाच नको असतात. आमचे सारे काम या नकोशा वस्तूंवरच झाले.

जुन्या विटा इतक्या सहज सुट्या कशा होतात, याचे आम्हांस नवल वाटे. कारण साधे आहे. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात व चुना विटेपेक्षा मऊ असतो. तो खरवडला की वीट अखंड हाती येते. सिमेंट विटेला असे काही धरून बसते की बहुतेक वेळा वीटच फुटते. म्हणून नवे बांधकाम पाडले तर हाती डबर येते आणि जुने पाडले तर सामान येते.

कौलांविषयी थोडे विस्ताराने लिहितो. ज्याला आपण मंगळुरी कौल म्हणतो त्याचा पहिला कारखाना बाझेल मिशनच्या मंडळींनी मंगळुरास १८६५ साली काढला. नेत्रावती व गुरुपूर या नद्यांच्या काठची चिकणमाती त्यास फार मानवली, आणि पाहता पाहता सारा पश्चिम किनारा व घाटमाथा या तांबड्या कौलांनी शाकारला गेला. कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव व खूण उमटविलेली असते. एकाच घराच्या ढिगात आम्हांस तीन निरनिराळ्या कारखान्यांची कौले सापडली; म्हणजे त्या छपराची डागडुजी किती वेळा झाली असेल याचा अंदाज बांधण्यात आमचा एक तास गेला. गुरुजींनी तो वाया गेला असे मानले नाही.

खुणेचा भाग शाबूत असलेले कौल भिंतीवर टांगले तर चित्राइतके शोभते. आडव्या कौलाच्या पन्हळीत माती भरून पुदिना किंवा ऑफिस-टाइमची फुले लावता येतात. भोक पाडावयाचे असल्यास कौल रात्रभर पाण्यात भिजत ठेवावे, खुणेच्या जागी चिकटपट्टी लावावी, खाली वाळूची गादी करावी आणि ड्रिल ठोका न देता सावकाश फिरवावे. आम्ही पहिली चार कौले कोरडीच घेतली व चारही फोडली.

कौलावर चिकटलेला चुना शिरक्याने निघतो. चुन्याचे थर हे कॅल्शियम कार्बोनेट असल्याने आम्लात विरघळतात, बुडबुडे येतात. रसायनाच्या पुस्तकातील धडा येथे डोळ्यांनी पाहता आला. या यशाने फुशारून आम्ही तोच शिरका एका सुंदर नक्षीदार फरशीवर ओतला. ती फरशी रंगीत सिमेंटची होती, व सिमेंटलाही आम्ल खाते, हे ध्यानी येईपर्यंत हिरव्या वेलीचा रंग फिका पडला होता. ती फरशी आम्ही वर्गाच्या खिडकीत मुद्दाम ठेवली आहे.

फरशीच्या व बशांच्या तुकड्यांवरून चंदीगडचे उदाहरण द्यावेसे वाटते. ते शहर वसविताना कित्येक खेडी पाडली गेली. तेथे रस्तेखात्यात निरीक्षक असलेले नेकचंद सैनी यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्या पडझडीतले दगड, फुटक्या फरश्या, बांगड्या व बशा सायकलवरून जमवावयास आरंभ केला आणि सरकारी रानात, कोणास न कळविता, मूर्तींची एक नगरीच रचली. गोष्ट उघडकीस आल्यावर ती जमीनदोस्त होण्याचा प्रसंग होता. परंतु लोकांनी तिची बाजू घेतली व १९७६ साली ती बाग सर्वांसाठी खुली झाली. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमची धाव एका चहाच्या तबकापर्यंत व दोन कुंड्यांपर्यंतच गेली, हे कबूल करतो. तुकडे चिकटवून चोवीस तासांनी मगच फटींत पांढरे सिमेंट भरावे, आणि धार वर राहू देऊ नये.

लाकडाच्या बाबतीत घाई करू नये. प्रथम प्रत्येक तुकड्यावर हातोडीने टिचकी मारावी. आवाज पोकळ आला तर आत वाळवी आहे असे समजून तो घरात आणू नये. मग खिळे काढावेत. जुने लोहारी खिळे डोके मोडून आत दडून राहतात; अशा एका खिळ्याने आमच्या नव्या करवतीचे सहा दात घेतले. तेव्हापासून आम्ही लोहचुंबक फिरविल्याशिवाय करवत लावीत नाही. वाशाच्या टोकावर कडी बसवून खुंट्यांची फळी, खिडकीच्या गजांपासून पुस्तकांचे टेकू, असे प्रकार सहज साधतात. शेवटी अळशीचे तेल द्यावे. त्या तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवाव्यात वा मोकळ्यावर पसरून वाळवाव्यात.

आणखी दोन सावधगिऱ्या जीवाच्या आहेत. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांत ते दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नये व तो काचकागदाने कोरडा घासू नये. रंग लागलेले लाकूड आम्ही सरळ परत केले. तसेच नालीदार सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन दुर्धर रोग जडतो. तो पत्रा कापू नये, फोडू नये, हातही लावू नये.

आता ज्या कामात आमची खरी परीक्षा झाली ते सांगतो. आमच्या वर्गातील एका मित्राचे घर यंदाच उतरविले. कुटुंब तिसऱ्या मजल्यावरील जागेत राहावयास गेले. त्याच्या आजीने कंत्राटदाराकडून एकच वस्तू मागून घेतली होती: माजघराचा सागवानी उंबरठा. साडेचार फूट लांब, सहा इंच रुंद, चार इंच जाड, आणि मधोमध पावलांनी झिजून खळगा पडलेला. नव्या जागेच्या चौकटीला उंबरठाच नाही, तेव्हा तो बसविणार कोठे? महिनाभर तो पलंगाखाली पडून होता.

आम्ही मोठ्या उत्साहाने त्याचे बाक करण्याचा बेत सांगितला. आजी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “अरे पोरांनो, उंबऱ्यावर बसतात होय रे? हिरण्यकशिपूला देवाने तेथेच मारले. आणि लग्न होऊन आले ती मी माप ओलांडून त्याच्यावरूनच आत आले.” आम्ही ओशाळलो. दोन तुकडे करून फळ्या करण्याचा दुसरा बेत तर तोंडातून काढण्याचेही धैर्य झाले नाही.

भिंतीवर टांगावा तर हिशेब जुळेना. लांबी, रुंदी व जाडी यांचा गुणाकार पाऊण घनफूट. सागाच्या वजनाने धरल्यास सुमारे चौदा किलो. त्या जागेची आतली भिंत पोकळ विटांची; साधा स्क्रू तेथे टिकला नसता. तेव्हा एकाला सुचले की त्याच घराच्या खांबांखालचे तळखडे अजून ढिगात आहेत. ते दोन दगड चौघांनी मिळून जिना चढवून वर नेले, खाली रबराचे तुकडे घालून पाणसळीने समपातळीत बसविले व त्यांवर उंबरठा नुसता ठेवला. खिळा नाही, स्क्रू नाही. देव्हारा त्यावर एका बाजूस आला. आमच्यापैकी एकाने रंधा मारून खळगा सपाट करण्याचे सुचविले होते, त्यास आजीने नकार दिला. बरे झाले. निरांजन त्या खळग्यात नेमके बसते.

तेल, रबर व काचकागद मिळून खर्च दोनशे रुपयांच्या आत आला.

काम संपल्यावर आजी आम्हांस पोचवावयास जिन्यापर्यंत आली. परत आत जाताना दाराशी येऊन, जेथे काहीच नव्हते तेथे, तिने सवयीने पाऊल उचलून टाकले.